मारिओची उडी आणि कॅमेऱ्याची कटकट

कुठलाही टू-डी, म्हणजे बाजूने दिसणारा सपाट, व्हिडिओ गेम चांगला आहे की टुकार, हे मला पहिल्या मिनिटातच कळतं असा माझा दावा आहे. त्यासाठी मी ग्राफिक्स बघत नाही, स्टोरी तर नाहीच नाही. मी नुसत्या जागच्या जागी उड्या मारत बसते. बटण हलकंसं टेकवून एक उडी, मग तेच दाबून धरून एक, मग पळत येऊन एक, मग हवेत असताना उलटीकडे वळता येतंय का ते बघायचं, छताला डोकं आपटून बघायचं, कडेवर अर्धा पाय बाहेर काढून उभं राहायचं. शेजारी बसलेला नवरा वैतागतो, "अगं सुरू कर ना गेम." आता त्याला कसं सांगू की माझा कधीच सुरू झालाय. प्लॅटफॉर्मर, म्हणजे इकडून तिकडे उड्या मारत पुढे जायचा गेम, म्हटला की पुढचे कितीतरी तास आपण हेच करणार असतो, उडी मारणार असतो, आणि ती उडीच बेचव असेल तर पुढे राजवाडे असोत नाहीतर ड्रॅगन, मला काय त्याचं.

मारिओची उडी घ्या. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, आपल्याकडे बहुतेकांच्या घरी तो नव्वदच्या दशकात त्या बिननावाच्या टीव्ही गेमबरोबर आला, कॅसेटवर लिहिलेलं ९९९९९९ इन १ आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून बदलून. त्यात ए बटण जितका वेळ दाबून धराल तितका मारिओ उंच जातो, लवकर सोडलं की उडी तिथल्या तिथे आखडते. खऱ्या आयुष्यात हे शक्यच नाही, जमिनीवरून पाय सुटल्यावर उडी किती मोठी ठेवायची याचा फेरविचार करता येत नाही कुणाला. पण गेममध्ये वर जाताना, बटण दाबलेलं असेपर्यंत, गुरुत्वाकर्षण कमी लावलंय, आणि सोडलं की किंवा खाली येताना जास्त. म्हणून तो वर जाताना जरा तरंगतो आणि खाली दणकन येतो. यातलं काहीही खेळणाऱ्याला माहीत नसतं, त्याला एवढंच वाटतं की हा गडी माझं ऐकतोय. माझी आत्या, जिने आयुष्यात त्याआधी कुठल्याही मशीनला हात लावला नव्हता, ती खड्डा आला की कंट्रोलर थेट छातीपर्यंत वर उचलायची, खांदे वर, भुवया वर, आणि वायर ताणली जाऊन तो बिचारा डबा फरशीवरून फरफटत पुढे यायचा. आणि आई आतून ओरडायची, पिक्चर ट्यूब जाईल, बंद करा ते.

आत्याला गेम शिकवला कुणी? कुणीच नाही. इंग्रजी सूचना नव्हत्या, मॅन्युअल असलंच तर ते आमच्यापर्यंत आलं नव्हतं. मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती पहिली लेव्हलच अशी रचलीय की ती स्वतःच शिकवते. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे हा प्रश्नच मिटला. मागे जायचा प्रयत्न केलात तर पडदा मागे सरकत नाही, भिंतच. मग तो तपकिरी रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो, मरा नाहीतर उडी मारा. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, तो आपला उजवीकडे सरकत जातो, खाली पडतो, पाईपला आपटतो आणि परत आपल्याच अंगावर येतो, चुकवायचा म्हटला तरी वरच्या विटांना डोकं आपटतं आणि शेवटी तो मिळतोच, मारिओ मोठा होतो, कळलं की हा चांगला आहे. पण मला सगळ्यात आवडतो तो पुढचा जिना. समोरासमोर दोन जिने, मधे फट, पण फटीखाली जमीन आहे, पडलात तर पुन्हा चढा, काही बिघडत नाही. त्याला लागूनच तेच दोन जिने परत, आणि आता मधे खड्डा. म्हणजे आधी सराव, मग परीक्षा, आणि सराव चाललाय हे विद्यार्थ्याला कळूही दिलेलं नाही. हा सगळा गेम ४० केबीत बसवलाय, इतकी काटकसर की आकाशातले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा.

अर्थात उडी एकाच प्रकारची असते असं नाही. शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलाय त्यांना आठवत असेल, प्रिन्स काही पटकन ऐकणारातला नव्हता. तुम्ही थांब म्हटलं तरी तो दोन पावलं पुढे जाऊनच थांबणार, आणि एकदा उडी मारली की मारली, हवेत मत बदलायची सोय नाही. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला पळायला, उडी मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं, १९८९ साली गेम आला, त्यामुळे प्रिन्सला वजन आहे, तो खरा माणूस वाटतो. आणि खरा माणूस असल्यामुळेच तो सुळ्यांवर पडला की कळ आपल्या पोटात येते. मारिओ मेला की असं होत नाही. प्रिन्समध्ये प्रत्येक उडीआधी पावलं मोजायची, शिफ्ट दाबून हळूच कडेला यायचं, आणि वर एका तासाचं घड्याळ चालू. तीच टू-डी दुनिया, तेच डावं-उजवं, पण स्वभाव बघा किती वेगळा.

आणि डेव्ह. डेंजरस डेव्ह, जॉन रोमेरोचा, १९८८ चा. लाल टोपीवाला तो माणूस, ट्रॉफी उचलायची मग दार उघडतं. आमच्या पिढीत त्यावर जीव टाकणारे खूप आहेत, त्यांची माफी मागून सांगते की हल्ली परत खेळून बघा, फार काही मजा नाही हो. डेव्ह पडद्याच्या कडेला आला की सगळं थांबतं, अख्खं चित्र सरकतं, मग पुढे. त्या काळच्या पीसीला मारिओसारखं सुळसुळीत सरकणं जमायचंच नाही. मग १९९० साली रोमेरोच्या ऑफिसातल्या जॉन कार्मॅकने त्यावर युक्ती काढली, आणि तो आणि टॉम हॉल दोघांनी एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल पीसीवर जशीच्या तशी उतरवली, फक्त मारिओच्या जागी डेव्ह. सकाळी रोमेरोने ते बघितलं आणि त्याला कळलं की आता इथे नोकरी करण्यात अर्थ नाही. त्यातून आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी निघाली आणि तिने १९९३ मध्ये डूम काढला, म्हणजे ज्या मंडळींनी सगळ्या जगाला थ्री-डीच्या मागे लावलं त्यांची सुरुवात मारिओ पीसीवर सरकत नाही या दुःखातून झाली. काय म्हणावं याला.

थ्री-डीशी माझं भांडण नाही. १९९६ चा सुपर मारिओ ६४ हा भन्नाट गेम आहे, त्यात नुसतं मैदानात पळायलाही मजा येते. पण एक गोष्ट आहे. पडदा सपाटच आहे ना. लांबी-रुंदी दिसते, खोली दिसत नाही, ती डोक्याने ओळखावी लागते, म्हणून समोरचा तरंगता दगड नक्की किती लांब आहे हे उडी मारल्यावरच कळतं. गेमवाल्यांनाही हे माहिती होतं, म्हणून त्यांनी मारिओच्या बरोबर पायाखाली एक गोल सावली ठेवलीय, सूर्य कुठेही असो सावली सरळ खाली, उतरणार कुठे ते कळावं म्हणून. वर तो कॅमेरा. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा, आणि मग उडीच्या बटणासाठी तिसरा अंगठा कुठून आणू? नेमक्या मोक्याच्या क्षणी कॅमेरा भिंतीमागे जातो, आपण मरतो, आणि तोंडातून निघतं, "अरे दिसलंच नाही मला." आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम काढला २०२० मध्ये, तो थ्री-डीच आहे पण कॅमेरा त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवलाय, खेळणाऱ्याला फिरवू देत नाहीत, आणि मला ते फार पटलं, एक कटकट गेली.

टू-डीत "दिसलंच नाही" म्हणायची सोय नाही. कॅरमसारखं आहे ते. सगळ्या सोंगट्या समोर, क्वीन समोर, रिबाउंड कुठून बसेल ते दिसतंय, आणि तरी स्ट्रायकर भलतीकडे जातो तेव्हा फार तर पावडर कमी पडली म्हणायचं आणि गप्प बसायचं. मला वाटतं टू-डीची ओढ हीच आहे, डोळा आणि अंगठा यांच्यामध्ये तिसरं कुणी नाही. आणि लोक जेव्हा म्हणतात की हे सगळं लहानपणच्या आठवणींमुळे आवडतं, तेव्हा मी जरा चिडते. आठवणी आहेतच, नाही कोण म्हणतंय. काँट्रामध्ये धबधब्याच्या स्टेजला दादा भराभर वर चढायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी गोळी न लागता मरायचे, आणि वर तोच म्हणणार "तू स्लो आहेस". हे विसरणं शक्य नाही. पण त्याच कॅसेटमधल्या निम्म्या गेम्सकडे मी आज ढुंकून बघणार नाही, आठवणी असूनसुद्धा. माझा भाचा २००५ चा, त्याने कॅसेटमध्ये फुंकर मारलेली नाही की ॲडॉप्टर गरम झाला म्हणून पंख्याखाली धरलेला नाही, आणि तो दिवसरात्र टू-डी खेळतो. त्याला कसल्या आलेल्या आठवणी?

(जुना गेम नव्या चपट्या टीव्हीला लावून "मजा नाही राहिली" म्हणणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, आणि चपटा टीव्ही प्रत्येक चित्र आधी स्वतः नटवतो मग दाखवतो, त्यात वेळ जातो आणि मारिओ उशिरा उडतो. सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा. बदकं मारायची बंदूक मात्र विसरा. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपायचा, हे सगळं जुन्या टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं होतं.)

तर भाच्यामुळे मी सेलेस्त खेळले, २०१८ चा गेम, एक मुलगी डोंगर चढते, बास. उडी, हवेतला झपाटा आणि भिंतीला धरून चढणं, एवढ्या तीन गोष्टी. अतोनात अवघड, शेकड्याने मरता, पण मेलात की डोळ्याचं पातं लवायच्या आत परत उभे, त्यामुळे राग यायलाच वेळ मिळत नाही. आणि हा गेम गुपचूप आपल्या बाजूने लबाडी करतो. कडेवरून पाय सुटला तरी पुढे साधारण सेकंदाचा दहावा भाग तुम्हाला उडी मारता येते, रोडरनरच्या मागे लागलेला तो कार्टूनमधला प्राणी कडा संपली तरी हवेत धावत राहायचा ना, त्याच्यावरून याला कायोटी टाईम म्हणतात. जमिनीवर टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. डोकं छताच्या कोपऱ्याला जेमतेम घासलं तर तो तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. आपण आपले म्हणतो, काय टायमिंग आहे माझं! हे बनवणाऱ्या मॅडी थॉर्सनने स्वतःच हे सगळं उघड सांगितलंय, आणि ते वाचल्यावर मला वाटलं होतं की मजा जाईल, पण उलट मी मुद्दाम कडेच्या पुढे जाऊन उड्या मारायला लागले.

मोबाईलवर यातलं काही टिकत नाही. निंटेंडोच्या गुनपेई योकोईने १९८२ साली गेम अँड वॉच या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या डाँकी काँगसाठी ते अधिकचिन्हासारखं बटण, म्हणजे डी-पॅड, बनवलं, त्याची खुबी हीच की अंगठ्याला न बघता कळतं आपण कुठे आहोत. काचेवर तेच चित्र काढून काय होणार, अंगठा सरकत सरकत कधी बाहेर गेला पत्ता लागत नाही, आणि शिवाय आपल्याच अंगठ्याखाली अर्धा गेम झाकला जातो. मोबाईलवर जे चाललं ते एका टिचकीवर चालणारं, २०१३ चा फ्लॅपी बर्ड, किंवा इंटरनेट गेलं की क्रोममध्ये पळणारा तो डायनासोर. काच आहे म्हटल्यावर काचेला जमेल तेवढंच मागायचं, हे शहाणपण आहे, बाकीच्यांनी डी-पॅडची चित्रं काढणं थांबवावं.

सध्या घरात वाद चालू आहे तो सिल्कसाँगवरून. हॉलो नाइट २०१७ चा, ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या माणसांच्या टीम चेरीने केलेला, आणि त्याचा हा पुढचा भाग, ४ सप्टेंबर २०२५ ला आला. पहिल्या गेममध्ये हवेतून खाली वार केला की तो सरळ खाली जायचा आणि शत्रूवर टप्पा घेऊन आपण परत वर, रबरी चेंडू. नव्यातली नायिका हॉर्नेट तिरकी जाते. झालं, एवढ्यावरून जगभर लोक कुरकुरायला लागले, आणि मला त्यांचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही, कारण मी पहिल्याच बागेत तासभर त्या तिरक्या वाराने काट्यांवर पडत होते. भाचा म्हणतो, "मावशी, पुढे वाँडरर क्रेस्ट मिळतो, तो लाव, सरळ खाली जातं, जुन्यासारखं." मी म्हटलं, नको. आता कुठे तिरकं जमायला लागलंय, शत्रूपासून किती लांबून उडी घ्यायची ते अंगठ्याला कळायला लागलंय, आणि हा म्हणतो सोडून दे. तो म्हणतो मी हट्टी आहे. त्याने क्रेस्ट लावला आणि तो माझ्या दोन बॉस, म्हणजे दोन मोठे शत्रू, पुढे आहे, हेही खरं.