नीलचा बेत: आधी तिथी, मग तिकिटे

अंदमानला जायचे ठरल्यावर एका सहल आयोजकाने आम्हाला पाच दिवसांत चार बेटांचा कार्यक्रम दिला होता. त्यात रोज पहाटे सामान बांधायचे होते आणि समुद्रकिनाऱ्यासाठी कुठेही तासाहून अधिक वेळ राखलेला नव्हता. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते आणि आम्हाला हवी होती ती निवांत विश्रांती. म्हणून तो कार्यक्रम नाकारून मी स्वतःच बेत आखायला घेतला. नील, म्हणजेच 2018 पासूनचे शहीद द्वीप, या एकाच लहानशा बेटावर चार रात्री राहायचे, एवढे सर्वांत आधी पक्के केले.

पुढे काय करायचे ते बाबांमुळे सुचले. त्यांचे बालपण गुहागरला गेले. मी विमानांच्या तारखा पाहत असताना ते म्हणाले, "अगं, तारीख नंतर बघ, आधी तिथी बघ." कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब मी त्यांच्याकडूनच शिकले आहे, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यापुरता असल्यामुळे अंदमानसाठी मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांतील पोर्ट ब्लेअरच्या वेळा पाहिल्या, आणि पौर्णिमेची भरती तिथे कोकणापेक्षा बरीच लवकर येते हे लक्षात आले.

नीलवर या वेळांना फार महत्त्व आहे. भरतपूरच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहे. ओहोटीला पाणी इतके आत जाते की पोहणे तर दूरच, प्रवाळावर पाय पडून त्याची हानी होण्याचीच भीती असते. याउलट लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच पाहायचा असतो. पौर्णिमेच्या आसपास सकाळी भरती आणि दुपारनंतर उधाणाची मोठी ओहोटी मिळत होती, म्हणजे सकाळी पोहणे आणि दुपारनंतर पूल. त्यामुळे आम्ही माघ शुद्ध त्रयोदशीपासूनच्या चार रात्री निवडल्या. फेब्रुवारीत समुद्रही बहुधा शांत असतो.

वेळेचा आणखी एक मुद्दा माझ्याकडून सुटणार होता. अंदमान पुण्याच्या सुमारे 19 रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र तेच. त्यामुळे तिथे सूर्य तासाभराहूनही आधी उगवतो आणि फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतोदेखील. पूल पाहून खडकांवरून उजेड असतानाच परतायचे, तर दुपारी तीनलाच निघायला हवे होते. आईसाठी हे विशेष महत्त्वाचे होते, कारण ती वाट ओल्या, निसरड्या दगडांतून जाते.

बोटीची तिकिटे विमानाच्या तिकिटांनंतर लगेच काढली. हवामान बिघडले तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच नील सोडून पोर्ट ब्लेअरला यायचे ठरवले. शहराचे नाव आता श्री विजयपुरम झाले असले, तरी आमच्या घरात जुनेच नाव चालते. त्या राखीव दिवशी बोट वेळेवर आली, म्हणून बाबांना सेल्युलर जेल निवांत पाहता आले. सावरकरांच्या कोठडीपाशी ते बराच वेळ उभे होते.

नीलवरचे दिवस आखल्यापेक्षाही संथ गेले. भरतपूरला सकाळी पाणी भरलेले असे, तेव्हा आई कमरेइतक्या पाण्यात उभी राही आणि मुलगी तिच्याभोवती पोहत असे. हे बेट अंदमानला भाजीपाला पुरवते, त्यामुळे जेवणात ताजी भाजी मिळायची. मुलीने वेचलेले शंख-शिंपले मात्र तिथेच ठेवायला लावले, कारण ते बेटाबाहेर नेण्यास मनाई आहे. पौर्णिमेला आम्ही ठरल्याप्रमाणे तीन वाजता लक्ष्मणपूरला निघालो. पुलाखालच्या डबक्यांत अडकलेले लहान मासे दाखवत बाबा नातीला पाऊणपटीचा हिशेब समजावून सांगत होते, आणि तिने लगेच विचारले, "मग आजोबा, इथली पाऊणपट किती?"