मधला मिस्टर

शनिवार, रात्री उशिरा

दुपारी शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून पीचची पिशवी दिली. चिल्टन काउंटीचे पीच. या दिवसांत इथे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये रस्त्याकडेला गाड्या लावून विकतात तसले, सालीवर लव असलेले, हातात घेतले की घमघमाट. लेकाने पिशवी घेतली आणि घराकडे धूम ठोकली. मी सवयीने ओरडले, "अरे, अंकलना थँक्यू म्हण आधी!"

आजोबा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी तोटी बंद केली, पाइप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "त्याला मला मिस्टर म्हणायला शिकव. मिस्टर आणि पुढे माझं आडनाव." आवाजात राग नव्हता, पण रोजचं हसूही नव्हतं.

मला काही सुचेना. म्हटलं, आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नातं लावतात, त्यात मान असतो. ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. तुझ्यावर रागावलो नाही मी." मग कुंपणाला टेकून वडिलांबद्दल सांगू लागले. वडील इथल्याच पोलाद कारखान्यात होते. केस काळे होते तोवर गोरे लोक त्यांना 'बॉय' म्हणायचे. चार मुलांचे बाप झाले तरी बॉयच. केस पिकले तसे ते 'अंकल' झाले. "मधला मिस्टर कधी आलाच नाही," आजोबा म्हणाले आणि पुन्हा तोटी सोडली.

मी घरात आले. पीच ओट्यावर तसेच पडून राहिले.

अमेरिकेच्या या दक्षिण भागात गुलामगिरीच्या काळापासून ही रीत होती आणि गुलामगिरी गेल्यावरही अनेक पिढ्या टिकली. कृष्णवर्णीय माणसाला मिस्टर किंवा मिसेस म्हणणं म्हणजे त्याला बरोबरीचा मानणं. ते टाळायचं, म्हणून म्हाताऱ्यांना अंकल आणि आंटी. मी 2014 साली इथे आले तेव्हा आमच्या घरी पॅनकेकचं पीठ यायचं, 'आंट जेमायमा'चं. खोक्यावर हसऱ्या कृष्णवर्णीय बाईचं चित्र. मला ते आपल्याकडच्या 'अमक्या काकूंचा मसाला'सारखं घरगुती वाटायचं. ते नाव 1889 मधलं. ती भूमिका पहिल्यांदा वठवणाऱ्या नॅन्सी ग्रीन केंटकीत गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्या पॅनकेक भाजून दाखवायच्या. कंपनीने 2020 मध्ये हे नाव मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा मीच नवऱ्याला म्हणाले होते, 'आंट' शब्दात एवढं काय वाईट आहे! आज त्या बोलण्याची फार लाज वाटली.

लेक झोपल्यावर मेरी हॅमिल्टन यांच्याबद्दल पुन्हा वाचत बसले. इथून तासाभरावर गॅड्सडेन नावाचं गाव आहे. नागरी हक्कांच्या आंदोलनात तिथे त्यांना अटक झाली होती. जून 1963 मध्ये त्या न्यायालयात साक्षीला उभ्या राहिल्या. नाव विचारलं तेव्हा त्यांनी 'मिस मेरी हॅमिल्टन' असं सांगितलं. सरकारी वकिलाने पुढचा प्रश्न 'मेरी' म्हणून विचारला. गोऱ्या साक्षीदार बायकांना मिस, मिसेस आणि यांना नुसतं मेरी. मला नीट संबोधलं जात नाही तोवर उत्तर देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. न्यायाधीशाने बजावलं, तरी त्या हटल्या नाहीत. न्यायालयाचा अवमान केला म्हणून पाच दिवस कैद आणि 50 डॉलर दंड! अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1964 मध्ये, तोंडी युक्तिवादसुद्धा न ऐकता, ती रद्द केली.

साक्षीच्या वेळी त्या 27 वर्षांच्या होत्या. भोवती सगळे गोरे अधिकारी, दाराशी पोलीस. एवढ्याशा 'मिस'साठी त्या तुरुंगात गेल्या असं आधी वाटायचं. आता ते 'एवढंसं' म्हणवत नाही.

आणि 'बॉय'? त्याच गॅड्सडेनमधल्या चिकन कारखान्यातल्या दोन कृष्णवर्णीय कामगारांचा खटला 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. साहेब आपल्याला बॉय म्हणतो, ही त्यांची एक तक्रार होती. खालच्या न्यायालयाचं म्हणणं होतं की सोबत वर्णाचा उल्लेख नसेल तर नुसत्या 'बॉय'वरून भेदभाव दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. शब्द कुठे, कोणत्या सुरात, कोणत्या रिवाजात बोलला गेला आणि त्याचा इतिहास काय, हे बघावं लागतं.

हे वाचत होते आणि डोळ्यांपुढे सारखं आमचं अंगण येत होतं. वाळवा तालुक्यातलं आजोळ. महारवाड्यातून एक म्हातारा लाकडं फोडायला यायचा, माझ्या आजोबांपेक्षाही वयाने मोठा. शेजारच्या वाड्यातले त्याच्याहून लहान माणूस आले तरी आम्ही मुलं काका, अण्णा, दादा म्हणायचो. त्याच्या नावाला मात्र घरात सगळे 'या' लावून हाक मारायचे आणि मी सात वर्षांची पोर दारातून ओरडायचे, "ए, आजीनं बोलावलंय!" तो कुऱ्हाड ठेवून "जी, ताई" म्हणत उठायचा. सात वर्षांच्या मला ताई, आणि जी. चहा त्याला कानतुटक्या कपातून, तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. इथे मिस्टर द्यायचा नाही म्हणून काका म्हणायचे. आम्ही तर काकाही म्हटलं नाही. मला कुणी रागावलं नाही, कारण मी चुकते आहे असं घरात कुणाला वाटतच नव्हतं.

रात्री साडेनऊला आईला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, ती भाजी निवडत होती. पीचचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मग विचारलं, "आपल्याकडे लाकडं फोडायला यायचे ना, त्यांचं आडनाव काय गं?"

निवडायचा आवाज थांबला.

"आडनाव?" आई म्हणाली. बराच वेळ गेला. "तीस वर्षं येत होता गं तो." मग म्हणाली, "येत होते. त्यांचा नातू इस्लामपूरला मास्तर आहे म्हणतात. थांब, विचारून सांगते."