पावसाच्या मराठी नोंदी ‘आर’मध्ये जुळवताना : माझा अनुभव

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या महसूल मंडळांचा रोजचा पाऊस आणि सोयाबीनचे उत्पादन ‘आर’ या आकडेवारीसाठीच्या संगणक भाषेत एकत्र जुळवायचे होते. जिल्हा, तालुका, मंडळ, सगळी नावे देवनागरीत. विंडोजवर पूर्वी अशी नावे आधी रोमनमध्ये उतरवावी लागत, कारण ‘परभणी’च्या जागी बऱ्याचदा युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले, क्रमांक उमटत. रोमनमध्ये गेले की गेवराईचीच दोन-तीन स्पेलिंगे होतात. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या आर ४.२ पासून विंडोजवरही आर यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये चालते. आता नावे आहेत तशी ठेवता येतात, आणि माझ्या मते मराठीत काम करणाऱ्यांसाठी अलीकडच्या काळातली ही सर्वांत मोठी सोय आहे.

त्यासाठी विंडोज १० ची १९०३ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि ६४ बिट संगणक लागतो. ३२ बिटचा आधार ४.२ पासूनच बंद झाला. ‘एल१०एन_इन्फो’ ही आज्ञा चालवून यूटीएफ-८ समोर ‘ट्रू’ आले की झाले. जुन्या आवृत्तीचा पॅकेजांचा (आरला जोडायच्या तयार आज्ञासंचांचा) फोल्डर उचलून नव्यात टाकू नका, पॅकेजेस नव्याने इन्स्टॉल करा.

नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. एक्सेलमधून फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात साठवायची. या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. ‘रीड.सीएसव्ही’ या आज्ञेने फाइल वाचताना ती राहून गेली तर पहिल्या रकान्याचे नाव बिघडते. म्हणून फाइल एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-बॉम’ द्यावे, किंवा ‘रीडआर’ पॅकेज वापरावे. ते ही खूण स्वतःच काढते.

खरा धोका आकड्यांत आहे. पावसाच्या रकान्यात कुणी एखादाच आकडा मराठी अंकांत टाइप केलेला असला, तरी अख्खा रकाना मजकूर म्हणून वाचला जातो. मग ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, म्हणजे अतिवृष्टी, असे दिवस मोजायला गेलात तर आर कसलीही तक्रार करत नाही. ६५ लाच मजकूर समजून अक्षरांच्या क्रमाने तुलना करते. इंग्रजी अंकांत लिहिलेला ९.२ मिमीचा दिवस त्यामुळे अतिवृष्टीत जातो आणि ११० मिमीचा वगळला जातो. रकान्याचे थेट संख्येत रूपांतर केले तर मराठी अंकांच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’, येते. त्यावर सरासरी काढताना ‘एनए’ गाळले की त्या नोंदी गेल्याच. उपाय एका ओळीचा आहे: ‘सीएचएआरटीआर’ या फंक्शनने ० ते ९ हे मराठी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलायचे, मगच संख्येत रूपांतर. त्यानंतर ‘एनए’ किती उरले ते जरूर मोजा.

नावांत ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ ही जोडाक्षरे त्रास देतात. सिल्लोड तालुक्यातले केऱ्हाळा दोन प्रकारे टाइप होते: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात. ‘स्ट्रिंगआय’ पॅकेजमधले एनएफसी प्रमाणीकरण नुक्त्याचे प्रकार एक करते, पण जोडचिन्हाचा प्रकार त्याला जुळवता येत नाही. तो वेगळी आज्ञा देऊन बदलावा लागतो. नावांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही याच वेळी काढाव्यात. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जुनी नावे असलेल्या फाइलींसाठी छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवची छोटी जोडसारणी ठेवावी.

दोन सारण्या जोडताना ‘डीप्लायर’ पॅकेजच्या १.१.० आणि १.१.१ (२०२३) या आवृत्त्यांत आलेल्या दोन सोयी मी कधीच सोडत नाही. पिंपळगाव, वडगाव अशी नावे अनेक तालुक्यांत असतात. नुसत्या मंडळाच्या नावावर जोडले तर ओळी गुणाकाराने वाढतात. म्हणून जिल्हा, तालुका आणि मंडळ तिन्हींवर जोडायचे आणि ‘रिलेशनशिप’मध्ये ‘मेनी-टू-वन’ (पावसाच्या अनेक ओळींना उत्पादनाची एकच ओळ) लिहायचे. उत्पादनाच्या सारणीत तेच मंडळ दोनदा आले तर काम तिथेच थांबते. दुसरी सोय ‘अनमॅच्ड’. तिला ‘एरर’ ही किंमत दिली की न जुळलेले नाव लगेच कळते, पण इथे ‘इनर जॉइन’च (दोन्हीकडे जुळलेल्या ओळीच ठेवणारा जोड) हवा. ‘लेफ्ट जॉइन’मध्ये डावीकडच्या न जुळलेल्या ओळी ‘एनए’ घेऊन तशाच राहतात आणि सूचनाही येत नाही. कोणती नावे अडली त्यांची यादी ‘अँटी जॉइन’ देतो. यादी हाताने तपासावी, अंदाजे जुळवणाऱ्या पॅकेजवर सोपवू नये. जवळजवळ सारख्या नावांची वेगळी मंडळे आपल्याकडे आहेत.

आलेखात वेलांट्या भलतीकडे गेल्या, जोडाक्षरे फुटली तर आरस्टुडिओ या आर वापरण्याच्या सॉफ्टवेअरच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये ‘जनरल’खाली ‘ग्राफिक्स’ उघडून बॅकएंड ‘एजीजी’ निवडा. त्याआधी ‘रॅग’ पॅकेज इन्स्टॉल असावे लागते. फॉन्ट म्हणून निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी स्पष्टपणे सांगा. आरची नेहमीची पीडीएफ आज्ञा देवनागरीच्या जागी ठिपके टाकते, त्यामुळे प्रबंधासाठी ‘रॅग’मधूनच ३०० डीपीआयची पीएनजी काढावी.