तोंडी परीक्षेत परग्रहवासी

सेमिनरीतल्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, तोंडी परीक्षेत जागं राहणं हेच परीक्षकाचं मोठं काम. त्या दिवशी विषय होता देहधारणा, म्हणजे देवाने येशूच्या रूपात माणूस होणं. माझ्या सहपरीक्षकांनी नेहमीचा प्रश्न टाकला : ईश्वरी व्यक्ती, जसा देवपुत्र, एकाहून अधिक मानवी स्वभाव (इथे स्वभाव म्हणजे मनुष्यपण) धारण करू शकते का?

"मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या मते करू शकते," विद्यार्थी म्हणाला. "मग दुसऱ्या ग्रहावर बुद्धिमान जीव असतील तर तिथेही का नाही?"

सहपरीक्षक सरसावून बसले. "बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताचं अर्पण 'एकदाच' झालं असं ठासून सांगितलंय. आता काय, ग्रहोग्रही क्रूस उभे करायचे?" आक्षेप जुनाच, १६व्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक मेलँक्थॉनने याच धर्तीवर इतर जगांची कल्पना झिडकारली होती. पण पोराची तयारी होती. १५व्या शतकातला फ्रान्सिस्कन संघाचा धर्मपंडित व्होरिलाँग त्याने बरोबर काढला : परग्रहवासी आदामाचे वंशज नाहीत, म्हणून त्याचं पापही त्यांच्यात नाही, आणि तारण लागलंच, तर इथला ख्रिस्ताचा मृत्यू असंख्य जगांनाही पुरेल, तिथे जाऊन पुन्हा मरणं उचित नाही.

मी विचारलं, "पण त्यांना हे कळणार कसं? आपली आकाशगंगाच सुमारे १,००,००० प्रकाशवर्षं रुंद. कालवरीची, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाची, बातमी प्रकाशाच्या वेगाने निघाली असती तरी आज २,००० प्रकाशवर्षांच्या आतच असती."

"सर, पृथ्वीवरही शुभवर्तमान कानावर न पडता गेलेली माणसं आहेतच. अशांना तारणाचं दार बंद नाही, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलंय."

उत्तर झकास होतं, पण पुरेसं नव्हतं. ती माणसं होती. येशूने घेतलेला स्वभाव त्यांचाच. चौथ्या शतकातले धर्माचार्य नाझियान्झचा ग्रेगरी यांचं सूत्र मी पुढे ठेवलं : ख्रिस्ताने जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही, म्हणजे तारलंही गेलं नाही. मग परग्रहवासीयांचा स्वभाव? विद्यार्थ्याने बायबलमधल्याच कलस्सैकरांस पत्रातला 'स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या सर्वांचा' समेट धरून पाहिला, आणि अडखळला. तिथे मीही अडखळलो असतो.

गुणांवरून आमचं वाजलंच. सहपरीक्षकांच्या मते पोरगा अभ्यासक्रमाबाहेर भरकटला. माझ्या मते देहधारणेचा त्याहून नेमका प्रश्न वर्षभरात कुणी हाताळला नव्हता. शेवटी मधला आकडा लिहिला. ग्रेगरी खरा असेल, तर पापात पडलेल्या प्रत्येक जगासाठी वेगळी देहधारणा मानावीच लागेल, असं मला वाटतं. सहपरीक्षकांना अजूनही हे पाखंड वाटतं.