५० सेंटिमीटरची दुरुस्ती

परदेशातल्या एका ग्राहकासाठी मल्टिप्लेअर शूटर व्हिडिओ गेमची स्वतंत्र लेव्हल, म्हणजे खेळाडू जिथे वावरतो ती जागा, तयार करण्याचे काम पुण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओकडे आले, तेव्हा कामाआधी वाद पेटला तो सॉफ्टवेअरवरून. लेव्हल होती बंद पडलेल्या कापड गिरणीची. विटांच्या जाड भिंती, कमानीचे दरवाजे, ओतीव लोखंडाचे खांब आणि उत्तरेकडे काचा असलेले करवती छप्पर. संदर्भाला मुंबईच्या गिरणगावातली भरपूर छायाचित्रे होती. इंजिन, म्हणजे ज्यावर खेळ चालतो ते सॉफ्टवेअर, अनरिअल असणार, हे ग्राहकाने आधीच ठरवून दिले होते. मॉडेल, म्हणजे वस्तूंचे त्रिमितीय आकार, कशात करायचे आणि टेक्स्चर, म्हणजे त्यांच्यावर चढवायची पृष्ठभागाची चित्रे, कशात, एवढेच आम्हाला ठरवायचे होते आणि तेवढ्यावरून दोन तट पडले होते.

एका तटात वर्षानुवर्षे माया या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला आमचा ज्येष्ठ सहकारी होता. त्याचे म्हणणे असे की, गंभीर काम मायात आणि सब्स्टन्स पेंटर या टेक्स्चर रंगवण्याच्या प्रोग्राममध्येच होते. बाकी सगळे हौशी लोकांसाठी. दुसऱ्या तटात ब्लेंडर हे मॉडेलिंगचे मोफत सॉफ्टवेअर शिकून आलेली, कामावर रुजू होऊन फार दिवस न झालेली मुलगी होती. हिशेब पाहणाऱ्या आमच्या भागीदाराचा कल अर्थातच तिच्याकडे होता, कारण मायाला दर माणशी दर वर्षी भाडे भरावे लागते आणि ब्लेंडरला काहीच नाही. २००२ साली लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवून ब्लेंडरचा सोर्स कोड खुला करण्यात आला, तो जीपीएल या, कोड बदलून वाटणाऱ्याने तोही खुला ठेवावा अशी अट घालणाऱ्या, परवान्याखाली. त्यामुळे ग्राहकाच्या वकिलाने एक शंका काढली होती, की त्यात केलेली मॉडेलेही खुली करावी लागतील का. लागत नाहीत. तो परवाना प्रोग्रामला लागू होतो, त्यातून निघालेल्या कलाकृतीला नाही. उलट काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच होती, ती म्हणजे शिकताना मिळालेल्या शैक्षणिक परवान्यावरची माया कोणी घरून व्यावसायिक कामाला वापरू नये ही. वकिलाने त्याबद्दल मात्र काही विचारले नाही.

लेव्हलच्या दृश्यभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे निकाल मला द्यायचा होता, आणि तो चर्चेने लागणार नाही हे उघड होते. म्हणून मी एक दिवस राखून ठेवला. दोघांनी एकच तुकडा करायचा: चार मीटर रुंद, चार मीटर उंच विटांची भिंत आणि तिच्यात दीड मीटर रुंदीचा अर्धवर्तुळाकार कमानीचा दरवाजा. साधने ज्याची त्याने निवडायची, परंतु संध्याकाळपर्यंत तो तुकडा इंजिनात बसलेला असावा आणि त्यातून खेळाडूला चालता यावे. दुपारनंतर मी एक बदल सांगणार आहे, हे मात्र मी मुद्दाम कोणालाही सांगितले नव्हते. लेव्हलचे खरे काम पहिल्यांदा बनवण्यात नसते, खेळून पाहिल्यावर येणाऱ्या बदलांत असते, असे माझे मत आहे. आणि सॉफ्टवेअरची तुलना करणारे लोक नेमका हाच भाग सोडून देतात.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ज्येष्ठ सहकाऱ्याची भिंत पाहायला अख्खा स्टुडिओ त्याच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने विटा एकेक करून कोरल्या होत्या, काहींचे कोपरे उडवले होते, तो सगळा तपशील साध्या मेशवर, म्हणजे कमी तपशिलाच्या आकारावर, बेक करून (टेक्स्चरमध्ये उतरवून) घेतला होता आणि मग पेंटरमध्ये धूर, ओल, तेलाचे ओघळ, फाटलेली पत्रके हाताने रंगवली होती. मुलीची भिंत त्यापुढे अगदी साधी दिसत होती. तिने सब्स्टन्स डिझायनर या टेक्स्चर बनवण्याच्या प्रोग्राममध्ये चारही बाजूंनी जुळणारे विटांचे एक टेक्स्चर बनवले होते आणि सोबत एक ट्रिम शीट, म्हणजे कमानीच्या विटा, जोत्याचा दगड, छज्जा अशा आडव्या पट्ट्या एकाखाली एक मांडलेले एकच चित्र. भिंतीच्या ज्या भागाला जी पट्टी हवी, त्या भागाचे यूव्ही, म्हणजे टेक्स्चरवरची त्याची जागा सांगणारा आराखडा, नेऊन त्या पट्टीवर ठेवायचे, एवढीच तिची पद्धत. दिसण्यात कोण सरस, याबद्दल तिचेही दुमत नव्हते.

इंजिनात आणल्यावर दोघांच्याही अडचणी बाहेर आल्या. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या दरवाजातून खेळाडूला चालवले, तर तो मोकळ्या कमानीत हवेला थडकून उभा राहिला. आयात करताना अनरिअलने कोलिजनचा, म्हणजे टक्कर ठरवणारा अदृश्य, आकार आपोआप बनवला होता आणि त्या साध्या आकाराने दरवाजाची पोकळीही बुजवून टाकली होती. यावर उपाय असा की, बहिर्वक्र ठोकळ्यांचे वेगळे तुकडे करून त्यांना ‘यूसीएक्स’ने सुरू होणारे नाव द्यायचे, म्हणजे इंजिन त्यांनाच टक्कर मानते. कमान आत वळलेली असल्यामुळे ती एका ठोकळ्यात बसत नाही. दोन बाजूंचे खांब आणि वरच्या वळणाचे काही तुकडे असे करावे लागते. मुलीने ते सकाळीच करून ठेवले होते. मायातही ते तितक्याच सहज होते, त्यामुळे हा दोष मायाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे झाले असते.

मुलीची फजिती वेगळी होती. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड तेवढा तिने ब्लेंडरमध्ये बेक केला होता आणि इंजिनात त्यावरच्या छिन्नीच्या खाचा आत जाण्याऐवजी फुगून बाहेर आल्यासारख्या दिसत होत्या. नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या टेक्स्चरमध्ये, वर-खाली ही दिशा ग्रीन चॅनलमध्ये (चित्राच्या हिरव्या थरात) साठवलेली असते; ब्लेंडर ती ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीच्या रीतीने लिहितो आणि अनरिअल डायरेक्टएक्स या दुसऱ्या प्रणालीच्या रीतीने वाचते, म्हणजे बरोबर उलटी. टेक्स्चरच्या सेटिंगमध्ये ग्रीन चॅनल उलटा करण्याची एक खूण असते, ती केली की काम झाले. पेंटरमध्ये अनरिअलसाठीचा तयार एक्स्पोर्ट प्रीसेट, म्हणजे टेक्स्चर बाहेर काढण्याच्या सेटिंगचा संच, निवडला की ही भानगडच उद्भवत नाही. ऑक्ल्यूजन (कोपऱ्यांतली सावली), रफनेस (खरबरीतपणा) आणि मेटॅलिक (धातूपणा) हे तीन नकाशे एकाच चित्राच्या तीन चॅनलांत भरण्याचे कामही तोच करतो. पेंटरचे मोल मला तिथे नव्याने पटले.

चारच्या सुमारास मी बदल सांगितला: दरवाजा दीडऐवजी दोन मीटर करा. कारण खरे होते, उगाच काढलेले नव्हते. अनरिअलमध्ये पात्राभोवतीच्या, टक्कर ठरवणाऱ्या अदृश्य कॅप्सूलची मूळ त्रिज्या ३४ सेंटिमीटर असते, म्हणजे एका खेळाडूला ६८ सेंटिमीटर जागा लागते. समोरासमोरून दोघे आले की १३६. दीड मीटरच्या दरवाजात उरतात अवघे १४ सेंटिमीटर, आणि गोळीबार चालू असताना तिथे माणसे एकमेकांना अडकून मरतात. ५० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे ऐकणाऱ्याला वाटते. परंतु कमान अर्धवर्तुळाकार असल्यामुळे रुंदीबरोबर तिचा माथाही २५ सेंटिमीटर वर जातो आणि वळणाची लांबी सुमारे २.३६ मीटरवरून ३.१४ मीटर होते. म्हणजे कमानीत जास्त विटा बसवाव्या लागतात. आहेत त्याच ताणून भागत नाही.

मुलीने कडा सरकवल्या, कमानीच्या पट्टीचे यूव्ही नव्या लांबीइतके ओढले आणि कोलिजनचे तुकडे हलवून मेश पुन्हा आयात केला. टेक्स्चरला तिने हातही लावला नाही, आणि चहा येण्याआधी तिचा खेळाडू नव्या दरवाजातून ये-जा करत होता. ज्येष्ठ सहकाऱ्याला कोरलेल्या विटा पुन्हा मांडाव्या लागल्या, पुन्हा उलगडाव्या लागल्या, पुन्हा बेक कराव्या लागल्या. पेंटरने त्याच्या धुराचे आणि झिजेचे आपोआप बनणारे मास्क, म्हणजे कुठे रंग लागावा ते ठरवणारे पडदे, नव्या मेशवर व्यवस्थित काढून दिले, ते कौतुकास्पदच. पण हाताने रंगवलेले ओघळ जागेवरून सरकले आणि एक पत्रक तर कमानीच्या पोकळीत गेले. तो ऑफिसातून निघाला तेव्हा रस्त्यावरची गर्दीही ओसरली होती, आणि त्याची भिंत अजूनही अधिक सुंदर होती.

दरम्यान मी मेमरीचा हिशेब मांडून पाहिला. दर मीटरला ५१२ पिक्सेल हे प्रमाण आम्ही धरले होते, म्हणजे चार मीटरच्या भिंतीच्या एका बाजूला २०४८ पिक्सेलचे टेक्स्चर पुरते. कॉम्प्रेशननंतर रंगाचे २, नॉर्मल मॅपचे ४ आणि तीन-इन-एक नकाशाचे २, असे ८ मेगाबाइट होतात. मिपमॅपांसाठी, म्हणजे दुरून दाखवायच्या लहान प्रतींसाठी, त्यात आणखी एक तृतीयांश मिळवला की जवळपास ११. प्रत्येक भिंतीला असा स्वतःचा संच दिला आणि अशा १०० भिंती झाल्या, तर नुसत्या विटांवर एक गिगाबाइटच्या वर खर्च. टाइल होणारे टेक्स्चर आणि ट्रिम शीट मिळून तेच काम दोन-तीन संचांत होते.

मी स्वतः हे काम शिकलो ते हाफ-लाइफ या खेळाच्या लेव्हल बनवणाऱ्या हॅमर एडिटरवर. तिथे भिंत हा ब्रश, म्हणजे हवा तसा ओढता येणारा ठोकळा, असतो आणि टेक्स्चर जगाच्या मापाला बांधलेले असते. भिंत कितीही ओढा, वीट ताणली जात नाही, जास्तीची वीट आपोआप येते. मॉडेलिंग आणि टेक्स्चरिंग वेगवेगळ्या प्रोग्रामांत गेल्यापासून ही सोय गेली, आणि तिची उणीव मला अजून भासते. अनरिअलच्या मटेरिअलमध्ये वर्ल्ड-अलाइन्ड टेक्स्चर नावाचे फंक्शन आहे, ते जवळपास हेच करते. मात्र तीन दिशांनी तीनदा टेक्स्चर वाचावे लागत असल्यामुळे ते महाग पडते. कच्च्या आराखड्यापुरते आम्ही ते ठेवले.

दुसऱ्या दिवशी निर्णय कळवला. इमारतीचा सांगाडा, भिंती, खांब, छप्पर ब्लेंडरमध्ये. टाइल होणारी टेक्स्चरे आणि ट्रिम शीट डिझायनरमध्ये. आणि पेंटर फक्त अशा वस्तूंसाठी, ज्यांचे माप एकदा ठरले की बदलत नाही: यंत्रमाग, बॉयलर, गेटवरचे घड्याळ. ओघळ आणि पत्रके भिंतीवर रंगवण्याऐवजी डेकल (वरून लावायची चित्रे) म्हणून इंजिनातच चिकटवायची. ती करण्याचे काम आपोआपच ज्येष्ठ सहकाऱ्याकडे आले, कारण त्याच्याइतका ओघळ कोणालाच साधत नव्हता. मायाचे परवाने ॲनिमेशनवाल्यांपुरते ठेवून बाकीच्यांचे नूतनीकरण थांबवले, आणि भागीदार खूश झाला.

ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच अट घातली: हाताची सवय बदलणार नाही. ब्लेंडरच्या २.८० आवृत्तीपासून त्यात इतर प्रोग्रामांशी जुळणारा तयार कीमॅप, म्हणजे कळांच्या आज्ञांची मांडणी, मिळतो, तो त्याने लावून घेतला. तेव्हापासून त्याच्या मशिनवर काही दाखवायला बसलेली ती मुलगी वस्तू हलवण्यासाठी ‘जी’ दाबते, काहीच हलत नाही, आणि तो मागून शांतपणे म्हणतो, “अगं, डब्ल्यू.”