तुम्ही विचारलंत म्हणून: कारण लिहायचं ते कशाचं?

सोसायटीच्या गच्चीवर असो की मुलुंडच्या लोकलमध्ये, मला ठरलेला प्रश्न येतो. "काका, चौकशीशिवाय सरकारी माणसाला बडतर्फ करता येतं ना? मग कारणं लिहायची कटकट कशाला?" २०२१ साली मुंबई पोलिसांतल्या एका सहायक निरीक्षकाला असंच घरी पाठवलं, तेव्हापासून तर फारच. सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीची कागदपत्रं सांभाळण्यात, जन्म गेला, त्यामुळे सुटका नाही.

करता येतं. घटनेचं ३११ वं कलम आधी म्हणतं, आरोप कळवा, बाजू मांडू द्या, मग काढा. त्याला अपवाद तीन. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं हा एक. राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न हा दुसरा, तिथे राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री लागते. आणि सगळी भांडणं ज्यावरून होतात तो तिसरा म्हणजे चौकशी घेणं वाजवीरीत्या व्यवहार्य नसणं. ते का नाही, हे मात्र बडतर्फ करणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी नोंदवायचं.

पैसे खाल्ल्याचा आरोप असलेल्या आमच्या एका कर्मचाऱ्याला असंच काढताना आम्ही नेमके इथेच आपटलो. पावसाळा होता, नस्तीला, म्हणजे फायलीला, कुबट वास येत होता. साहेब म्हणाले, "लिहा हो, आरोप अत्यंत गंभीर, खात्याची बदनामी झाली, सबब चौकशी व्यवहार्य नाही." मी लिहिलं. माझंच अक्षर. पुन्हा वाचून बघा, त्यात माणूस किती वाईट हे आहे, चौकशी का घेता येत नाही हे कुठंय? कुणाला धमकी आली? कोण जबाब द्यायला कचरलं? तशी एक ओळ नाही, आणि लिहिणार तरी काय! साक्षीदार दोनच, दोघंही आमच्याच मजल्यावरचे, दुपारी आमच्याबरोबर डबा खाणारे.

प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तेव्हा साहेब म्हणाले, कारणं प्रतिज्ञापत्रात घालू. तसं चालत नाही. १९५१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या एका खटल्यात, अंधेरीतल्या सिनेमागृहाच्या परवानगीवरून, बजावून ठेवलंय की आदेश त्यातल्या शब्दांवरून वाचायचा, अधिकाऱ्याने मागाहून केलेल्या खुलाशावरून नाही. त्याच न्यायालयाच्या १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने तर, जो बराचसा सरकारच्या बाजूने लागला, हे अपवाद उचलून धरले, कारणं लांबलचक नकोत म्हटलं, कर्मचाऱ्याला ती कळवलीच पाहिजेत असंही नाही म्हटलं. पण आदेशाआधी ती कागदावर हवीत, नसतील तर आदेशच रद्दबातल. बहुमताचा निकाल लिहिला न्या. मादन यांनी, भिवंडी दंगलीच्या चौकशी आयोगामुळे आपल्याकडे ठाऊक असलेले. (सरकारी वकिलांनी हे सगळं आम्हाला ऐकवलं ते निकाल विरुद्ध लागल्यावर!)

तुम्ही म्हणता ही कटकट त्या कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी. असेलही. पण साहेबांना नस्तीत ते कारण शोधायला लावलं असतं, तर ते सापडलं नसतं, आणि चौकशी मुकाट्याने घ्यावी लागली असती. दोन साक्षीदार, फार तर सहा महिने. पैसे त्याने खाल्ले होते असं मला आजही वाटतं.

तो परत आला, थकबाकीसकट. माझ्या टेबलासमोरून जाताना रोज हसून नमस्कार करायचा. मीही करायचो.