आईच्या 'ळ'ला आईची परवानगी

गेल्या आठवड्यात मी आईला एक पानभर संमतीपत्र पाठवलं. तिच्या हस्ताक्षरातले 'ळ' माझ्या एआयच्या प्रोजेक्टमध्ये वापरायला तिची हरकत नाही, यावर सही हवी होती. फोनवर ती म्हणाली, "अगं, माझ्या अक्षराला कसली परवानगी? हवी तेवढी पानं लिहून देते." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

खरं तर मी सोपा विषय घेतला होता: देवनागरी हस्ताक्षर ओळखणं. नेपाळमधल्या संशोधकांनी 2015 साली एक डेटासेट, म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संग्रह, खुला केलाय. 92,000 चित्रं, 46 वर्ग (ओळखायच्या प्रत्येक चिन्हाचा एक), प्रत्येक चित्र 32 बाय 32 पिक्सेलचं. डेटा आयता, अचूकता 98 टक्क्यांच्या आसपास सहज जाते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षीही मी याच हिशोबाने विषय निवडला होता आणि त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. एका मार्गदर्शकाच्या वाट्याला इतके गट असताना वेळेत पुरा होणारा विषय घेणं हेच शहाणपणाचं होतं.

आता मी परदेशात शिकतेय. इथल्या प्रोफेसर बाईंनी प्रस्ताव वाचला आणि एवढंच विचारलं, "उरलेल्या दोन टक्क्यांत कोणती अक्षरं चुकतात?" मला सांगता आलं नाही.

त्या रात्री वर्गांची यादी उघडली. क ते ज्ञ अशी 36 व्यंजनं आणि 10 अंक. स्वर नाहीत. आणि 'ळ' नाही. असणार तरी कसा? नेपाळी वर्णमालेत तो नाहीच. आपण 'नेपाळ' म्हणतो, ते स्वतः 'नेपाल' लिहितात. त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. मी कागदावर ठसठशीत ळ काढला आणि त्या डेटावर शिकवलेल्या मॉडेलला दाखवला. उत्तर आलं 'क', तेही 90 टक्क्यांहून जास्त खात्रीने. मॉडेलची शेवटची पायरी, सॉफ्टमॅक्स, सगळी संभाव्यता त्या 46 वर्गांतच वाटते. 'यातलं काहीच नाही' म्हणायची सोयच नसते. आपलं अक्षर असं ठामपणे पुसलं गेलेलं बघून मला वाईट वाटलं. विषय तिथेच ठरला: सत्तेचाळिसावा वर्ग.

चाळीस जणांकडून प्रत्येकी वीस ळ घ्यायचे. एका माणसाची अक्षरं ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायची) आणि टेस्ट (त्याला तपासायची) अशी दोन्हीकडे जाऊ द्यायची नाहीत, नाहीतर मॉडेल ळ न शिकता त्या माणसाचं वळण पाठ करतं.

आणि मग तो नियम. माणसांकडून डेटा घ्यायचा तर आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग प्रत्येकाचं लेखी संमतीपत्र, त्याला समजेल अशा भाषेत. डेटा कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार, मध्येच माघार घ्यायची असेल तर काय करायचं, सगळं लिहायचं. दहा आठवड्यांच्या प्रोजेक्टमधले अडीच आठवडे यात गेले. मी चिडले होते, आणि ते चिडणं अगदीच चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. आपल्याकडे असते तर एका दुपारी शंभर जणांनी हौसेने लिहून दिलं असतं. आपल्या माणसांचा हा मोकळेपणा कुठल्याही फॉर्मपेक्षा मोठा आहे.

पण त्या चाळिसांतल्या माझ्या मावशीने ते पत्र नीट वाचलं. एका रकान्यावर तिने खूण केली: प्रोजेक्ट संपल्यावर माझी पानं नष्ट करावीत, पुढे कुणाला देऊ नयेत. मी कारण विचारलं नाही. तोंडी मागितलं असतं तर तिने भाचीसाठी निमूट लिहून दिलं असतं आणि मी तो डेटा सगळ्यांसाठी खुला करून टाकला असता. तसं मी प्रस्तावात लिहिलंही होतं.

काल आईचं पान आलं. वीस चौकटी, वीस ळ. पहिले चार-पाच शाळेच्या फळ्यावर काढल्यासारखे गोल. पुढे हात सैल होत गेला आणि शेवटच्या ओळीत दोन्ही गाठी एकमेकींत मिसळल्यात. माझ्या मॉडेलला असेच ळ हवेत. सोबत संमतीपत्र, खाली तिची सही. सहीतही एक ळ आहे, सगळ्यात सुंदर. तो मी घेणार नाही. संमती चौकटीतल्या विसांचीच आहे.